आयसीयूला आग लागली तर? दापोडी ते भंडारा, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे

दापोडीत रात्री-अपरात्री कुणाची तब्येत बिघडली, की अनेक घरांतून आधी नाव निघतं ते पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलचं. नाहीतर जवळचं खासगी हॉस्पिटल. बेड आहे का, डिपॉझिट किती, हे नातेवाईक विचारतात. आग लागली तर पेशंटला कुठून बाहेर काढणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा प्रश्न का विचारायचा?

2021 हे एकच वर्ष बघा. 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं दगावली. 23 एप्रिलला विरारमध्ये खासगी हॉस्पिटलचा आयसीयू पेटला. 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला आयसीयू पेटला, त्यात 11 जण गेले. मधल्या काळात, 21 एप्रिलला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली. तिथे आग लागली नव्हती, तरी पुरवठ्याचा दाब कमी झाल्याने त्याच दिवशी 22 रुग्ण दगावले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. जीव गेलेले बहुतेक जण उठून पळू शकत नव्हते.

आयसीयूच का पेटतो?

तिथे यंत्रं आणि एसी 24 तास चालू असतात, त्यामुळे वायरिंगवर ताण येतो. हवेत ऑक्सिजन जास्त असला की ठिणगीचा भडका लवकर होतो. एसीसाठी खिडक्या बंद असल्याने धूर कोंडतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ताबेदाराची असते. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पण भंडाऱ्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले आणि 10 महिन्यांत नगरची आग लागली. ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी दुरुस्त झाली नाही, तर तो कागदच राहतो.

तुम्ही काय बघाल?

- बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का? तिथे खाटा, खोकी तर ठेवलेली नाहीत ना?
- आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख उलटून गेलीय का?
- 'फॉर्म बी' शेवटचा कधी भरला?
- रात्रपाळीला वॉर्डात कोण असतं?

उत्तर मिळालं नाही, तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार करा. तक्रारीची पोच मात्र जपून ठेवा.