सामना गयानात, घड्याळ जाहिरातदारांचे



27 जून 2024. गुरुवार, म्हणजे कामाचा दिवस. त्या दिवशी गयाना देशातील प्रॉव्हिडन्सच्या मैदानावर ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा भारत-इंग्लंड उपांत्य सामना ठेवला होता सकाळी साडेदहाला! का? तर तिथले सकाळचे साडेदहा म्हणजे आपले रात्रीचे आठ. मैदानावर दिवे होते. याच स्पर्धेत तिथे रात्री सामने झालेही. पण भारत उपांत्य फेरीत पोचला तर तो गयानातच खेळणार, हे आधीच ठरले होते. दुसरा उपांत्य सामना त्रिनिदादला, तिथल्या रात्री साडेआठला. काबूलच्या मजुराने आपला संघ पाहायला पहाटे पाचला उठावे! त्याच्या झोपेला बाजारात भाव नाही.

गयाना देश कोणाचा? गुलामांच्या आणि 1838 पासून ऊसमळ्यांवर राबायला जहाजांत भरून नेलेल्या हिंदी मजुरांच्या वंशजांचा. विश्वचषकाचा उपांत्य सामना त्यांच्या दारी आला; पण तो पाहायचा तर रजा टाका, नाही तर दिवसाचा रोज बुडवा! त्याच महिन्यात न्यूयॉर्कला 5 आणि 12 तारखेला, दोन्ही बुधवारी, भारताचे सामने सकाळी साडेदहालाच झाले.

'हे सारे तुमच्यासाठीच', असे आम्हांला ऐकवले जाते. दिवसपाळीवाल्यांची सोय होते, हे आम्ही नाकारत नाही. पण रात्री आठला दिल्लीच्या आर.एम.एस.मध्ये सॉर्टिंगला बसलेला, तुघलकाबादच्या यार्डात शंटिंग करणारा, गाझियाबादहून गाडी घेऊन निघालेला लोको पायलट, यांना कोणी विचारले? गयानाचा सामना पावसाने लांबून इथे मध्यरात्र उलटली. सकाळच्या पाळीवाल्याने झोपावे केव्हा? रात्री आठची वेळ कामगारांच्या सोयीसाठी निवडलेली नाही. जाहिरातीच्या सेकंदाला सर्वांत जास्त दाम मिळतो, म्हणून ती निवडली आहे. नाव आमचे, नफा त्यांचा!

घड्याळ कोणाच्या हाती, हा कामगार चळवळीचा सर्वांत जुना प्रश्न. 8 मे 1974 ला रेल्वे कामगार संपावर गेले तेव्हाही आठ तासांच्या दिवसाची मागणी पुढे होती. आपल्या वेळेसाठी तुरुंगात गेलेल्यांनी दुसऱ्या देशातल्या कामगाराची वेळ आपल्या नावाने हिरावू द्यावी काय?

हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे 1995 साली दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देण्याचे बंधन 2007 च्या कायद्याने घातले. म्हणून आमची मागणी साधी आहे. परदेशातील सामन्यांची वेळ तिथल्या प्रेक्षकांच्या सोयीने ठरू द्या. त्यात भारतीय क्रिकेट मंडळाने आपले वजन घालू नये. आणि दूरदर्शनने पूर्ण सामना दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा दाखवावा, म्हणजे प्रत्येक पाळीला तो पाहता येईल.

गयानाच्या कामगाराचा रोज बुडवून आमची करमणूक नको!