पेट्रोलचा भाव उतरतो तेव्हा



अमेरिकेत पेट्रोलपंपाबाहेर उंच खांबावर एक भली मोठी पाटी असते आणि त्या दिवसाचा भाव तिच्यावर ठळक आकड्यांत लिहिलेला असतो. दुधाचा किंवा औषधाचा भाव असा कोणी रस्त्यावर टांगत नाही. त्यामुळे पेट्रोलचा भाव हा तेथे पाऊसपाण्यासारखा रोजच्या बोलण्याचा विषय होऊन बसला आहे. (पेट्रोलला तेथे ‘गॅसोलीन’ किंवा नुसते ‘गॅस’ म्हणतात. नावावरून फसू नका, टाकीत जातो तो द्रवच!)

जून 2014 मध्ये खनिज तेलाच्या एका पिंपाचा भाव सुमारे 115 डॉलर होता. जानेवारी 2016 मध्ये तो 30 डॉलरच्याही खाली गेला. खोलवरच्या शेल खडकांत आडवी छिद्रे पाडून आणि दाबाखालील पाण्याने ते खडक फोडून तेल काढण्याची युक्ती अमेरिकेत चांगलीच साधली होती, त्यामुळे बाजारात तेल उदंड झाले. 27 नोव्हेंबर 2014 रोजी तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या ‘ओपेक’ या संघटनेने उत्पादन कमी न करण्याचे ठरविले आणि भाव कोसळला.

लोकांना आनंद झाला, पण त्याबरोबर एक तक्रारही सुरू झाली. तेलाचा भाव तीन चतुर्थांश उतरला, मग पंपावरचा भाव 3 डॉलर 70 सेंटवरून 2 डॉलरच्या आसपासच का थांबला? मधले पैसे कोणी खाल्ले? आपण हिशेब करून पाहू. एका पिंपात 159 लिटर तेल मावते आणि अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे 3.8 लिटर. पिंप 115 डॉलरला असताना गॅलनभर तेलाची किंमत पावणेतीन डॉलर होते आणि 30 डॉलरला असताना सुमारे 70 सेंट. फरक दोन डॉलरचा. पंपावरचा भाव उतरला तो पावणेदोन डॉलरच्या आसपास. म्हणजे बहुतेक सगळी घट लोकांपर्यंत पोचली होती! शुद्धीकरण, वाहतूक आणि कर यांचा जो डॉलरभर खर्च असतो तो तेलाबरोबर उतरत नाही. लोकांनी वजाबाकी करायच्या जागी टक्केवारी केली, एवढीच चूक.

तक्रारीत थोडे तथ्य मात्र आहे. रॉबर्ट बेकन या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये ब्रिटनमधील भावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भाव चढतात अग्निबाणासारखे आणि उतरतात पिसासारखे, असे त्यांना आढळले. म्हणजे भाव उतरतो, पण सावकाश.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती लोकांची दुसरी प्रतिक्रिया. ती तोंडाने कोणी बोलून दाखविली नाही, पण आकडेवारीत ती स्पष्ट दिसते. 2015 मध्ये अमेरिकेतील वाहने सुमारे 5 लाख कोटी किलोमीटर धावली. तोवरचा तो उच्चांक होता. 2016 मध्ये तेथे सुमारे पावणेदोन कोटी नव्या गाड्या खपल्या. त्यांतील दर दहांपैकी सुमारे सहा गाड्या पिकअप किंवा तत्सम अवजड वर्गातल्या होत्या. 2015 मध्ये रस्त्यांवरील अपघातांत 35 हजारांहून अधिक माणसे दगावली. आदल्या वर्षापेक्षा ही संख्या सुमारे 7 टक्क्यांनी जास्त होती. रोजगार वाढला, इंधन स्वस्त झाले, म्हणून लोक जास्त हिंडू लागले, हे त्याचे एक कारण तेथील रस्ता सुरक्षा खात्यानेच सांगितले.

तेव्हा स्वस्ताई वाईट असते काय? असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. रोज पन्नास किलोमीटर गाडी हाकून कामावर जाणाऱ्या आणि दारावरून बस जात नसलेल्या परिचारिकेला तो मोठाच दिलासा होता. उलट टेक्सास आणि नॉर्थ डकोटा येथील तेलकामगारांवर संकट आले. 2014 च्या अखेरीस अमेरिकेत 1,900 हून अधिक विंधनयंत्रे चालू होती, ती मे 2016 मध्ये 400 च्या आसपास उरली. एकाच पाटीकडे पाहून कोणी हसत होते, तर कोणी नोकरी शोधत होते.

माझा आक्षेप वेगळा आहे. पाटीवरचा आकडा म्हणजेच पेट्रोलची खरी किंमत, असे आपण धरून चालतो. एक लिटर पेट्रोल जाळले तर सुमारे 9 युनिट उष्णता मिळते. त्यातला चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचला असे धरू, म्हणजे दोन युनिटांहून थोडे जास्त. धडधाकट माणूस दिवसभर राबून जेमतेम 0.6 युनिट काम करतो. तेव्हा लिटरभर पेट्रोल म्हणजे जवळजवळ चार दिवसांची अंगमेहनत! ती अमेरिकेत त्या वेळी अर्ध्या डॉलरला मिळत होती.

आता जळल्यानंतरचे पाहा. लिटरभर पेट्रोलचे वजन सुमारे 740 ग्रॅम असते आणि त्यात सुमारे 640 ग्रॅम कार्बन असतो. कार्बनचा अणुभार 12 आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणुभार 44, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. म्हणून 640 ला 44 ने गुणून 12 ने भागा. उत्तर सुमारे 2.3 किलो येते. पाऊण किलो पेट्रोलपासून एवढा वायू कसा झाला म्हणाल, तर बाकीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. हा वायू वातावरणात साठून पृथ्वीचे तापमान वाढवितो. पाटीवरच्या भावात त्याचा खर्च कुठेच धरलेला नसतो.

ही गोष्ट प्रथमच घडली असेही नाही. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने कायदा करून गाड्यांनी गॅलनला किती मैल गेलेच पाहिजे हे ठरवून दिले आणि 1985 पर्यंत ते प्रमाण 27.5 मैलांवर नेले. 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि त्याच वर्षाच्या गाड्यांसाठी ते 26 वर आणले गेले! भाव उतरलेला असतो तेव्हाच असे नियम कडक करणे सोपे जाते, कारण ते कोणाच्या खिशाला फारसे जाणवत नाहीत. नेमक्या त्याच वेळी ते सैल होतात. अमेरिकेतील 1993 चा गॅलनमागे 18.4 सेंट हा केंद्रीय करही 2016 मध्ये तेवढाच होता. आपल्याकडे केंद्र सरकारने नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात पेट्रोलवरील उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढविले, लिटरमागे एकूण 11 रुपये 77 पैशांनी. त्यामुळे स्वस्ताईचा बराचसा भाग सरकारी तिजोरीत गेला. तो पैसा बसगाड्या आणि लोहमार्ग यांवर किती खर्च झाला, असा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

भाव काही महिन्यांत बदलतो, पण घेतलेली गाडी दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. 2015 मध्ये एकाने लिटरला 8 किलोमीटर जाणारी गाडी घेतली आणि त्याच्या शेजाऱ्याने साडेबारा किलोमीटर जाणारी घेतली, असे समजा. दोघेही वर्षाला 20,000 किलोमीटर हिंडतात. पहिल्याला 2,500 लिटर पेट्रोल लागते, दुसऱ्याला 1,600. फरक 900 लिटरचा. गॅलनला 2 डॉलर भाव असताना हा फरक वर्षाला पावणेपाचशे डॉलरचा होता. मोठ्या गाडीच्या हौसेपुढे पहिल्याला तो फारसा वाटला नसेल. जून 2022 मध्ये अमेरिकेतील सरासरी भाव प्रथमच 5 डॉलरच्या वर गेला. त्या भावाने तोच फरक वर्षाला सुमारे 1,200 डॉलरचा होतो. आणि 900 लिटरमागे दोन टनांहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड जो जास्त बाहेर पडतो, तो भाव 2 डॉलर असला काय किंवा 5 डॉलर असला काय, तेवढाच.

घरच्या स्कूटरचे हेच गणित तुम्हीही करून पाहा. ती वर्षाला किती किलोमीटर धावते आणि लिटरला किती जाते ते विचारा, भागाकार करा आणि उत्तराला 2.3 ने गुणा. पेट्रोलचा भाव या गणितात कुठेच लागत नाही.