कर्ता, कर्म आणि भिंत

परवा सहकुटुंब नेवाशाला गेलो होतो. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, त्या खांबाचे दर्शन घेतले आणि बाहेर येऊन एका भिंतीला पाठ टेकली. शेजारी आमची कन्या गाल फुगवून बसली होती. कारण अस्मादिकच!

‘टेबलावर पुस्तक स्थिर आहे; क्रिया-प्रतिक्रियेची जोडी ओळखा,’ हा प्रश्न तिने परीक्षेच्या आदल्या रात्री मला विचारला होता. मराठीचा प्राध्यापक असलो म्हणून काय झाले? न्यूटनचा तिसरा नियम मलाही पाठ होता. “पुस्तकाचे वजन खाली, टेबलाचा रेटा वर. दोन्ही सारखे, दिशा उलट. झाली जोडी!” तिने शंका काढली, तेव्हा “मोठ्यांशी वाद घालू नये,” असेही सुनावले. पेपर परत आला तो तांबडी फुली घेऊन.

“बाबा, तुमच्या व्याकरणातच सांगते,” ती म्हणाली. “कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा, क्रियापद तेच ठेवा. तुमची पाठ भिंतीला रेटते. भिंत तुमच्या पाठीला रेटते. ही जोडी. टेबल पुस्तकाला रेटते, पुस्तक टेबलाला रेटते, ही एक. पृथ्वी पुस्तकाला ओढते, पुस्तक पृथ्वीला ओढते, ही दुसरी. तुम्ही एकीतला नवरा आणि दुसरीतली नवरी घेऊन लग्न लावलेत!”

“पण दोन्ही बले सारखी आहेत ना?”

“पुस्तक स्थिर आहे म्हणून. वर निघालेल्या लिफ्टमध्ये टेबलाचा रेटा पुस्तकाच्या वजनाहून वाढतो. खरी जोडी मात्र कधीच कमीजास्त होत नाही. शिवाय तुमची दोन्ही बले एकट्या पुस्तकावर. खऱ्या जोडीतली दोन वेगवेगळ्या वस्तूंवर. म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत.”

मला याच प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण आठवले. 1926 साली पूर्ण झालेली ती दगडी भिंत. पाणी भिंतीला रेटते, तितकेच भिंत पाण्याला रेटते. पण या उलट रेट्याने भिंत सावरत नाही. तो तर पाण्यावर पडतो! भिंतीला सावरतात तिचे स्वतःचे वजन आणि पायाखालचा खडक. 1969 साली त्या भिंतीला तडे गेले, तेव्हा नव्या आधारभिंती बांधून तिला बळकटी द्यावी लागली. माझ्या हिशेबाने चालणारा इंजिनियर “क्रियेला प्रतिक्रिया आहेच,” म्हणत स्वस्थ बसला असता, आणि खालच्या गावांनी त्याची किंमत मोजली असती.

मी कन्येची माफी मागितली. फुलीपेक्षा तिला टोचत होते ते माझे ‘वाद घालू नये’. आता घरात नवा नियम आहे: बाप मुलीला शिकवतो, मुलगी बापाला शिकवते. कर्ता-कर्म बदलले, क्रियापद तेच.