धीर धरावा, पण कोठवर?

इंग्लंडांतील फुटबॉलचे सामने आतां आपल्याकडील पुष्कळ घरांत दूरचित्रवाणीवर पाहिले जातात, आणि त्या सामन्यांबरोबर तेथील वादहि आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोंचले आहेत. त्यांतला एक वाद कधींच शिळा होत नाहीं. संघास यश येत नसतां मॅनेजर बदलावा, कीं विश्वास ठेवून त्यास टिकवावें? एक पक्ष म्हणतो, रोप रोज उपटून मुळें पाहिलीं तर तें वाढेल कसें? दुसरा म्हणतो, वठलेल्या झाडास पाणी घालून फळ कधीं आलें आहे काय? दोन्ही दृष्टांत बिनतोड आहेत. परंतु झाड जिवंत आहे कीं वठलें आहे, हें ओळखावें कसें, तें कोणीच सांगत नाहीं. त्या परीक्षेविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

ज्या वाचकांस या खेळाचा परिचय नाहीं त्यांच्याकरितां प्रथम एक खुलासा. तिकडे मॅनेजर म्हणजे हिशेबाच्या वह्या सांभाळणारा कारभारी नव्हे. अकरा गडी कोणते उतरवावयाचे, त्यांनीं कोणत्या पद्धतीनें खेळावयाचें, हें तो ठरवितो. नवा गडी कोणता घ्यावा व जुन्यास केव्हां निरोप द्यावा, यांतहि त्याच्या मतास मोठें वजन असतें. म्हणून जय झाला तर हार त्याच्या गळ्यांत पडतो, आणि पराजय झाला तर खापर त्याच्याच माथीं फुटतें.

धीर धरा म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन. १९८६ च्या नोव्हेंबरांत ते त्या क्लबांत आले, तेव्हां बावीस संघांत त्यांच्या संघाचा एकविसावा क्रमांक होता. पुढील हंगामांत तो दुसरा आला, पण लगेच अकराव्या क्रमांकावर घसरला. १९८९ च्या सप्टेंबरांत त्याच गांवच्या मँचेस्टर सिटीनें त्यांस पांच विरुद्ध एक असें हरविलें. आणि तीन वर्षें सबबी ऐकल्या, आतां निरोप घ्या, अशा अर्थाचा फलक त्यांच्याच पाठीराख्यांनीं मैदानावर झळकविला. तो हंगाम तेराव्या क्रमांकावर संपला. मात्र त्याच हंगामांत, १९९० च्या मे महिन्यांत, एफ. ए. कप हातीं आला. आणि १९९३ सालीं, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर, लीगचें अजिंक्यपद मिळालें. २०१३ सालीं फर्ग्युसन निवृत्त झाले, तोंवर त्यांच्या खात्यावर तेरा अजिंक्यपदें जमा झालीं होतीं.

कथा खरी आहे. परंतु तिजवरून काढला जाणारा सिद्धान्त तेवढाच खरा आहे काय? फर्ग्युसन यशस्वी झाले म्हणून त्यांचीं पहिलीं चार वर्षें आपण आठवतों. ज्यांस तितकाच अवधि मिळाला व ज्यांच्या हातून कांहींच घडलें नाहीं, त्यांच्या कथा कोणी सांगत बसत नाहीं. तरून गेलेल्या एकास विचारून नदी उताराची आहे असें ठरविणें शहाणपणाचें नव्हे.

शिवाय उलट दाखलेहि आहेत. आर्सेनल क्लबांत आर्सेन वेंगर हे १९९६ पासून २०१८ पर्यंत मॅनेजर होते. पहिल्या आठ वर्षांत त्यांनीं तीन अजिंक्यपदें मिळविलीं, आणि २००३-०४ च्या हंगामांत त्यांचा संघ लीगमधील एकहि सामना हरला नाहीं. त्यानंतर ते आणखी चौदा वर्षें राहिले. एफ. ए. कप पुनः पुनः जिंकला; परंतु लीगचें अजिंक्यपद फिरून आलें नाहीं, आणि अखेरच्या दोन हंगामांत संघ पांचव्या व सहाव्या क्रमांकावर आला. दुसरीकडे चेल्सी क्लबाचे मालक रोमन अब्रामोविच यांनीं २००३ पासून २०२२ पर्यंत कपडे बदलावे तसे मॅनेजर बदलले. तरी त्या काळांत पांच अजिंक्यपदें व युरोपांतील चॅम्पियन्स लीग दोनदां त्यांच्या पदरीं पडली. २०१२ सालीं तर मार्चमध्यें तात्पुरते नेमलेले रॉबेर्तो डी मात्तेओ यांनीं मे महिन्यांत युरोपचा चषक जिंकून दिला, आणि नोव्हेंबरांत त्यांसहि नारळ मिळाला!

मग स्थैर्यास कांहींच किंमत नाहीं काय? तसें नाहीं. चेल्सीकडे पैसा अमाप होता हें खरेंच. परंतु २०१२ च्या त्या संघांत लॅम्पार्ड २००१ पासून, तर चेक व ड्रोग्बा २००४ पासून एकत्र खेळत होते. घरांतला कारभारी बदलत होता, घराचे खांब तेच होते. तात्पर्य, स्थैर्य संस्थेंत कोठें तरी असावें लागतें; तें मॅनेजरच्याच ठायीं असलें पाहिजे असा नियम नाहीं. आणि स्थैर्य हें स्वतः यशाचें कारण नव्हे. लांब पल्ल्याच्या कामास तें अवकाश देतें, इतकेंच. तेव्हां, किती वर्षें झालीं, हा प्रश्न दुय्यम होय. हातीं लांब पल्ल्याचें कांहीं काम आहे काय, हा खरा प्रश्न.

तें ओळखण्याच्या तीन खुणा आम्हांस दिसतात. पहिली खूण, खालून नवी पिढी वर येत आहे काय? बाहेर निंदेचा गदारोळ चालला असतां फर्ग्युसन कुमार खेळाडू हेरीत होते. रायन गिग्ज हा मुलगा मँचेस्टर सिटीच्या तालमींत जात असे. त्यास १९८७ सालीं, चौदाव्या वर्षीं, त्यांनीं आपल्याकडे आणिलें. १९९२ सालीं गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल या मुलांनीं कुमारांची यूथ कप स्पर्धा जिंकली. १९८९ चा फलक उभारणारास हीं मुळें दिसत नव्हतीं; पण पाहणारास दिसण्यासारखीं होतीं.

दुसरी खूण, चुका त्याच त्याच होतात, कीं जुन्या सुटून नव्या होतात? जो विद्यार्थी दर वर्षीं त्याच उदाहरणांत चुकतो त्यास अवधि देऊन उपयोग नाहीं. जो पुढच्या धड्यांत चुकतो त्यास अवश्य द्यावा.

तिसरी खूण सर्वांत सूक्ष्म आहे. टिकणारा माणूस स्वतः बदलतो काय? १९९५ सालीं फर्ग्युसन यांनीं ह्यूज, इन्स व कांचेल्स्किस या तीन नामांकित गड्यांस जाऊं दिलें आणि आपलीं पोरें पुढें केलीं. पहिलाच सामना हरले, जाणकार हंसले. पण वर्षअखेर लीग व एफ. ए. कप दोन्ही त्यांच्याकडे होते. ते सव्वीस वर्षें टिकले याचें रहस्य हेंच कीं, त्यांनीं आपल्या संघास जुनें होऊं दिलें नाहीं.

आतां याच खुणा अलीकडच्या एका वादास लावून पाहूं. मिकेल आर्टेटा २०१९ च्या डिसेंबरांत आर्सेनलचे मॅनेजर झाले. २०२०-२१ मध्यें संघ आठवा आला, गुण ६१. पुढील तीन हंगामांत गुण ६९, ८४ व ८९ असे चढत गेले. मात्र २०२४-२५ मध्यें ते ७४ वर उतरले. आणि लागोपाठ तिसऱ्यांदा दुसराच क्रमांक पदरीं आला. २०२५ च्या उन्हाळ्यांत पाठीराख्यांचे दोन तट पडले होते. पहिली खूण चांगली होती: साका हा क्लबाच्याच शाळेंत वाढलेला, आणि न्वानेरी व लुईस-स्केली हीं कोवळीं मुलें त्याच वर्षीं पुढें आलीं होतीं. दुसरी खूणहि बरी होती: २०२१-२२ मध्यें अंगावर ४८ गोल झाले होते, ते दोन वर्षांनीं २९ वर आले. मात्र स्वतः केलेले गोल २०२३-२४ मधील ९१ वरून पुढील हंगामांत ६९ वर घसरले, ही नवी उणीव होती. जुलैमध्यें क्लबनें ग्योकेरेस हा गोल करणारा गडी आणिला. म्हणजे उणीव ओळखली गेली. त्या दिवशीं धीर धरणें युक्त होतें, असेंच आमचें मत. मागाहून फळ काय येतें हा निराळा प्रश्न. निर्णय घ्यावयाच्या दिवशीं जें हातांत असतें, त्यावरूनच निर्णय पारखावा लागतो.

एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांस विशेष लागू आहे. फर्ग्युसन गेल्यावर त्यांच्याच पसंतीनें डेव्हिड मॉइझ यांस सहा वर्षांच्या कराराने आणिलें. आदल्या वर्षीं अजिंक्य ठरलेला संघ सातव्या क्रमांकावर गेला, आणि दहा महिन्यांत मॉइझ यांस जावें लागलें. एकाच कर्त्या पुरुषाच्या खांद्यावर उभें असलेलें स्थैर्य त्याच्याबरोबरच निघून जातें. ज्या घरांत वडील मंडळी हयात व सावध असतांच धाकट्यांच्या हातीं थोडाथोडा कारभार सोंपवितात, चुकूं देतात व सांवरतात, त्या घराचें स्थैर्य खरें. रात्रीं जागून सामने पाहणाऱ्या आपल्या मुलांनीं मॅनेजरविषयीं वाद घातला, तर वडिलांनीं त्यांस गप्प न करितां ऐकून घ्यावें. त्यांतला एखादा प्रश्न आपल्यालाहि विचारण्यासारखा निघेल.