हाकलणाऱ्यांच्या वहीतले पूर्वज

राजेसरदारांची वंशावळ भाट लिहीत. गरिबाची कोण लिहिणार? इंग्लंडमध्ये ती गरिबांना हाकलणाऱ्यांनीच लिहून ठेवली.

तेथे १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याचा भार पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावावर होता. १६६२ च्या कायद्याने परगावचा गरीब परत धाडता येऊ लागला. त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून विचारीत : जन्म कुठला? चाकरी कोणाकडे, पगार किती? लग्न कुठे झाले, मुले किती? हेतू एवढाच, की खर्च दुसऱ्या गावाच्या गळ्यात पडावा. पण निरक्षर शेतमजुराची त्याच्या तोंडची हकिकत अनेकदा त्या एकाच कागदावर उरली आहे!

१८३४ नंतर जागोजाग वर्कहाऊस आले. पोटाला मिळे, पण नवरा, बायको, मुले यांची ताटातूट होई. त्यांच्या दाखल रजिस्टरात नाव, वय, धंदा, धर्म सापडतो. पूर्वजांचे पॅरिश ठाऊक असले की तेथील लोक जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात हे शोधतात. १८९६ साली सात वर्षांचा चार्ली चॅप्लिनही आई व भावासह लंडनच्या एका वर्कहाऊसात गेला होता.

आम्हाला यावरून आपल्या शाळांची जुनी रजिस्टरे आठवतात. ज्या जातीमुळे आजोबांना वर्गाबाहेर बसविले, तिचाच रकाना दाखल्यासाठी आज नातवंडे शोधतात. तेव्हा गावच्या शाळेत जाल, तर जातीपुरते पाहून परतू नका. आजोबांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि 'कारण' या रकान्यात काय लिहिले आहे, तेही वहीत उतरवून आणा.