सेल्फ-सपोर्टेड म्हणजे नक्की काय हो?

गेल्या मे महिन्यात एका रविवारी मी हातकणंगल्याहून ज्योतिबाला पळत निघालो. शक्य तिथे पाणंदीने, नाहीतर डांबरी रस्त्याने. चाळीसेक किलोमीटर, एकट्याने. पाठीवर दोन लिटर पाणी, खजूर, चिक्की, मीठ-साखरेच्या पुड्या. मित्रांना आधीच सांगून ठेवलं होतं, 'फुल्ल सेल्फ-सपोर्टेड!' पहाटे चारला उठणार होतो, निघालो साडेसहाला. (वीकेंडला घरी आलेल्या माणसाला आई उठवत नाही.)

चोकाक, हेर्ले, शिरोली सगळं मस्त गेलं. शिरोलीच्या पुढे पाणी संपलं. वाटेत दोन पाणपोया लागल्या, पण मी थांबलो नाही. का? तर सेल्फ-सपोर्टेड!

केर्ली फाट्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. घड्याळ दाखवत होतं, सहा किलोमीटर बाकी. चढ आहे, म्हणजे किलोमीटरला नऊ मिनिटं धरू. नऊ सक किती? येईना. इंजिनिअरिंगला एम-थ्री काढलेला मी, रस्त्यात उभा राहून बोटं मोजत होतो. भर उन्हात अंगावर काटा आला होता. आणि तरी मी पुढेच निघालो होतो, हे महत्त्वाचं.

"आरं बाबा, बस की जरा हितं. कोण मागं लागलंय तुझ्या?" रसवंतीवाले मामा.

त्यांनी मला सावलीत बसवलं, डोक्यावर तांब्याने पाणी ओतलं, बर्फ फोडून पंचात गुंडाळला आणि मानेवर ठेवला. रस नंतर, आधी गारवा. डॉक्टरही हेच सांगतात हे मला मागाहून वाचून कळलं. उष्माघाताची शंका आली की आधी माणूस गार करायचा, आणि ते करता करताच 108 ला फोन. मी फोन केला नाही. बरं वाटतंय म्हणून एसटीने घरी आलो. तो दुसरा मूर्खपणा.

आता मुद्दा. पळताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली साधारण तीन चतुर्थांश नुसती उष्णता होते. ती घालवायची तर घाम वाळला पाहिजे, आणि पाणी पाजलेल्या उसातल्या पाणंदीत तो वाळत नाही, नुसता गळतो. 'घाम येतोय म्हणजे ठीक आहे' हेही खरं नाही, पळणाऱ्याला घाम येत असतानाच उष्माघात होऊ शकतो. एप्रिल 2023 मध्ये खारघरला 14 माणसं उष्माघाताने गेली. ती पळत नव्हती हो, कार्यक्रमाला उन्हात बसली होती. आणि गडबडतो तो आधी मेंदू. म्हणजे 'त्रास झाला तर थांबेन' या वाक्यातला जो 'मी' थांबणार असतो, तो तेव्हा जागेवरच नसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइमआउट बाहेरून लावावा लागतो, हँग झालेला प्रोग्रॅम स्वतःला मारत नाही.

गंमत म्हणजे, ज्या शब्दापायी मी पाणपोया सोडल्या त्याचा अर्थच मला माहीत नव्हता. लांब वाटांचे विक्रम नोंदवणाऱ्या पळणाऱ्यांच्या नियमात सेल्फ-सपोर्टेड माणसाला दुकानातून खायला घेता येतं, नळावर पाणी भरता येतं. जे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही मिळतं ते त्यालाही चालतं. आधी ठरवून उभा केलेला माणूस तेवढा चालत नाही. सहारातल्या मॅरेथॉन दे साब्लमध्ये जेवण-अंथरूण सगळं पाठीवर असतं, पण पाणी आयोजक देतात. म्हणजे मामांची रसवंती पूर्ण नियमात होती. मीच नियमाबाहेर पळत होतो!

आणि हे शिकायला सहारात कशाला जायचं? चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन ज्योतिबाला चालत जाणारी मंडळी किती पिढ्या हा उन्हाळा काढताहेत. रात्री, पहाटे चालायचं, ऊन चढलं की झाडाखाली टेकायचं, वाटेत कुणी पाणी दिलं तर घ्यायचं. त्यात कमीपणा कसला?

असो. यंदा पुन्हा जाणार आहे, चैत्रातच, रात्री दोनला निघून. साडेआठ वाजता जिथे असेन तिथे पळणं बंद आणि घरी फोन, फोन आला नाही तर भावाने गाडी काढायची, असं कागदावर लिहून आईकडे दिलंय. तिने तो फ्रिजवर चिकटवलाय. काल बघितलं तर साडेआठ खोडून आठ केलंय.