पत्ता नसलेलं आकाश फॉरवर्ड करू नका

दोन वर्षांपूर्वी पिंपरीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत मंडळाच्या काकांनी मला पकडलं. "तू इंजिनिअर ना? पोरांसाठी विज्ञानाचं काहीतरी कर." आरती आणि संगीत खुर्ची यांच्या मधला पाऊण तास माझ्या वाट्याला आला. मी एका रात्रीत चाळीस स्लाइड्स केल्या. गुगलवरून उचललेली चित्रं, खाली मोठ्या अक्षरात नाव, मागे गंभीर संगीत. कार्यक्रमाचं नाव ‘विश्वाची सफर’.

सफर जोरात चालली होती. मग पडद्यावर ते नारिंगी कडं आलं, कृष्णविवराचं पहिलं चित्र, १० एप्रिल २०१९ला जाहीर झालेलं. पुढच्या रांगेतून सातवीतल्या एका मुलीने हात वर केला.

"दादा, हे आपल्या गच्चीवरून कुठल्या बाजूला येतं?"

"खूप लांब आहे गं ते," मी म्हणालो. सगळे हसले. ती हसली नाही.

"लांब आहे ते कळलं. कुठल्या बाजूला?"

मला माहीत नव्हतं. मी पुढची स्लाइड लावली.

घरी आल्यावर पप्पांनी उरलेली हवा काढली. पप्पांनी एकतीस वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला काढली. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हीच त्यांची भाषा. जेवताना म्हणाले, "चित्रं चांगली होती. पण एकावरही माप नव्हतं. स्केल नाही, कुणी काढलं ते नाही, टॉलरन्स नाही. असं ड्रॉइंग आमच्याकडे आलं असतं तर जॉब मशीनला लावलाच नसता. परत पाठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी त्या चाळीस चित्रांचा माग काढला. अकरांचा मूळ स्रोत सापडलाच नाही. सहा चित्रं कुणा चित्रकाराने कल्पनेने काढलेली होती, आणि मी ती ‘फोटो’ म्हणून दाखवली होती. एक तर चक्क एआयने बनवलेलं होतं. म्हणजे सोसायटीच्या पोरांना मी विज्ञानाच्या नावाखाली कॅलेंडर दाखवलं होतं.

हा लेख त्या कॅलेंडरच्या विरोधात आहे. आपण आकाशाची चित्रं ज्या पद्धतीने बघतो, वाटतो आणि शाळेत दाखवतो, ती पद्धत मुलांना आकाशापासून तोडते, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. त्यावरचा उपाय फुकट आहे, आपल्या खिशातल्या फोनवर चालतो, आणि त्यातला काही भाग आपल्याच जिल्ह्यात तयार झालेला आहे.

उपायाचं नाव अलादीन. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात सीडीएस नावाचं खगोलीय माहिती केंद्र आहे. ते १९७२ साली सुरू झालं. त्यांनी बनवलेलं हे आकाश बघण्याचं सॉफ्टवेअर. त्याची हलकी आवृत्ती, अलादीन लाइट, फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते. इन्स्टॉल करायचं काही नाही. कोड खुला आहे.

पहिल्यांदा उघडलं की ते नकाशाच्या अॅपसारखं वाटतं आणि आतूनही ते बरंचसं तसंच आहे. अख्खं आकाश बारा सारख्या क्षेत्रफळाच्या तुकड्यांत कापलेलं असतं. प्रत्येक तुकड्याचे चार, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार, असं खोल खोल जात राहायचं. तुम्ही झूम कराल तेवढ्याच भागाचे तुकडे फोनवर उतरतात. म्हणून कित्येक टेराबाइटचं आकाश साध्या मोबाइल डेटावर सरकतं. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, ही रचना बघून मला आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या डॅशबोर्डांची लाज वाटली.

पण खरी गंमत चित्रात नाही, चित्रावर टाकायच्या थरात आहे. दृश्य प्रकाशातला फोटो खाली ठेवा. वर अवरक्त किरणांचा थर लावा किंवा रेडिओचा लावा. मग त्यावर कॅटलॉग टाका. कॅटलॉग म्हणजे आजवर मोजलेल्या वस्तूंची यादी. चित्रावर छोटे छोटे ठिपके उमटतात. एका ठिपक्यावर बोट ठेवलं की ओळ उघडते: नाव, आकाशातला पत्ता, तेजस्विता, कुणी मोजलं, आणि पुष्कळदा शेजारच्या रकान्यात त्या मापातली संभाव्य चूक.

मी पप्पांना रोहिणी तारा काढून दाखवला. हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजणीवरून तिचं अंतर निघतं सुमारे ६५ प्रकाशवर्षं, आणि चूक दोन टक्क्यांच्या आत. पप्पांनी चष्मा वर केला. "पासष्ट वर्षं प्रकाश धावतो तेवढं लांब, आणि माप दोन टक्क्यांत?" मग थोडं थांबून म्हणाले, "हा माणूस इन्स्पेक्शनला पाहिजे होता."

चाळीस स्लाइड्स दाखवून जे झालं नाही, ते त्या एका रकान्याने केलं. पप्पांना पहिल्यांदा वाटलं की हे आपलंच काम आहे, फक्त जॉब मोठा आहे.

आता त्या नारिंगी कड्याकडे परत येऊ. ते ज्या आकाशगंगेत आहे तिचं नाव एम ८७. हीच एनजीसी ४४८६, हीच ३सी २७४, हीच व्हर्गो ए. प्रत्येक यादीत वेगळं नाव, कारण प्रत्येक पिढीने वेगळ्या साधनाने तिला पुन्हा शोधलं. मेसियेने १७८१ साली दुर्बिणीतून पुसट डाग पाहिला, विसाव्या शतकात रेडिओवाल्यांना तिथेच प्रचंड गोंगाट ऐकू आला. अलादीनमध्ये ‘M87’ टाइप करा. एक मऊ, गोल, पांढुरका गोळा दिसेल आणि त्या एकाच जागेवर ही सगळी नावं येऊन मिळालेली दिसतील.

आता स्केल बघा. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सुमारे ३० आर्कमिनिट रुंद दिसतो. एम ८७चा गोळा काही आर्कमिनिटांचा. आणि ते प्रसिद्ध कडं? एका आर्कसेकंदाच्या दहा लाखाव्या भागासारखे फक्त ४२ भाग. गणित करा: चंद्राच्या व्यासावर अशी चार कोटींहून जास्त कडी एकाशेजारी एक मांडता येतील. रंगही नारिंगी नाही. ते १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचं चित्र आहे, डोळ्यांना तिथे काहीच दिसलं नसतं. रंग माणसांनी निवडला.

हे माझ्या स्लाइडवर असतं तर? कडं दहापट भारी वाटलं असतं. स्केल काढून टाकून मी त्याचा चमत्कार वाढवला नव्हता, मारला होता.

"हे सगळं परदेशी आहे, आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांसाठी नाशिक हायवेवरून थोडं पुढे जाऊ. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. तिथून आत वळलं की खोडद. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. शाळेच्या सहलीत आपण त्यांच्यासमोर ग्रुप फोटो काढतो, भेळ खातो आणि परत येतो. त्या अँटेनांनी पाहिलेलं आकाश कुठे बघायला मिळतं, हे कुणी सांगत नाही.

ते इथेच मिळतं. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली, दोन हजार तासांहून जास्त. ती निरीक्षणं नव्याने प्रक्रिया करून हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाचा नकाशा आणि जवळपास ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. टीजीएसएस हे त्याचं नाव. अलादीनच्या थरांच्या यादीत ते शोधा. चाकणचा ट्रॅफिक सुटला तर दीड-दोन तासांवर असलेल्या गावातून पाहिलेलं आकाश तुमच्या अंगठ्याखाली सरकेल.

थर एकावर एक ठेवून काय मिळतं, याचं उदाहरणही इथलंच आहे. २०११ साली आनंद होता आणि सहकाऱ्यांनी ‘स्पेका’ नावाची आकाशगंगा जगासमोर आणली. दृश्य प्रकाशात ती सर्पिलाकार. रेडिओत तिच्या दोन्ही बाजूंना अवाढव्य फुगे, तेही एकाहून अधिक वेळा फुंकलेले. असे फुगे सहसा लंबगोल आकाशगंगांना असतात, सर्पिलाला क्वचितच. नुसता दृश्य फोटो बघितला असता तर ती एक साधी आकाशगंगा, नुसतं रेडिओचं चित्र बघितलं असतं तर नेहमीचे फुगे. दोन्ही थर एकत्र आले तेव्हाच विचित्रपणा दिसला. पुढे २०१३ मध्ये होता यांनी ‘रॅड अॅट होम’ सुरू केलं. त्यात कॉलेजातली पोरं-पोरी हेच करतात: वेगवेगळ्या लहरींतली चित्रं एकमेकांवर ठेवून न जुळणारं काहीतरी शोधतात.

आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले? दोन हजारच्या दशकात पुण्यातल्या आयुकाने आणि पर्सिस्टंट सिस्टिम्सने मिळून ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’ उभी केली. त्यातून व्हीओप्लॉट नावाचं कॅटलॉगचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर आलं, आणि ते स्ट्रासबर्गच्या अलादीनला जोडलं गेलं. पुण्यात लिहिलेला कोड, जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या हाताखाली. माझ्या टीममधल्या चौदा जणांना मी हे विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. मलाही आदल्या महिन्यापर्यंत नव्हतं. हिंजवडीच्या जाममध्ये आपण स्टार्टअपच्या गप्पा मारतो, पण आपल्या शहराने एकदा आकाशासाठी काम केलं होतं याची साधी आठवण आपल्याकडे नाही.

आता आक्षेप. सगळ्यात जास्त ऐकलेला: "आधी पोरांना आवड लागू दे, आकडे नंतर." हा युक्तिवाद दयाळू वाटतो, पण तो मुलांना कमी लेखतो. सातवीतली मुलगी ‘कुठल्या बाजूला’ विचारत होती. आवड तिला होतीच, उत्तर माझ्याकडे नव्हतं. ‘वाह’ म्हणायला लावणारं चित्र दोन सेकंद टिकतं, मग अंगठा पुढच्या रीलवर जातो. ज्या ठिपक्यावर बोट ठेवता येतं, तो पुढचा प्रश्न विचारायला लावतो.

दुसरा: "रंग माणसांनीच भरलेत तर ही चित्रंही खोटीच." नाही. कुठल्या लहरीला कुठला रंग दिला हे सांगितलं असेल तर ते नकाशाइतकंच प्रामाणिक आहे. नकाशात समुद्र निळा काढला म्हणून कुणी भूगोलाला खोटारडा म्हणत नाही. खोटेपणा रंगात नसतो, सूची कापून टाकण्यात असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: "कॅटलॉगही चुकतो." चुकतोच. टीजीएसएसच्याच काही भागांत स्रोतांच्या तीव्रतेची पट्टी सरकलेली होती. ती कशी सापडली? ऑस्ट्रेलियातल्या ग्लीम या दुसऱ्या रेडिओ पाहणीच्या यादीशी ताडून. ज्या चित्राला आकडेच नाहीत त्याची चूक कुणी कधी पकडूच शकत नाही. पप्पांच्या भाषेत, रिजेक्शन दाखवणारं वर्कशॉप वाईट नसतं. जिथे कधीच रिजेक्शन नसतं तिथे इन्स्पेक्शन झोपलेलं असतं.

चौथा मला मान्य आहे: यातलं जवळपास सगळं इंग्रजीत आहे आणि पहिल्यांदा उघडणारा गोंधळतो. पण ही तक्रार स्ट्रासबर्गला करायची नाही. ते काम आपलं आहे, आणि ते अवघडही नाही. अलादीनमध्ये स्वतःचा कॅटलॉग टाकता येतो, साधी रकान्यांची फाइल चालते. मी एक बनवली. रोहिणी, मघा, उत्तरा फाल्गुनी, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, श्रवण, अभिजित, व्याध, अगस्त्य. नाव, पत्ता, अंतर, चूक. पप्पांनी बघितली आणि एक रकाना वाढवायला लावला: ‘कुणी मोजलं’. पंचांगात ही नावं आपण रोज वाचतो, पत्रिकेत त्यांच्यावरून भांडतो, पण त्यातली पाच आकाशात दाखवता येणारा माणूस आमच्या सोसायटीत सापडला नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शाळांमध्ये डिजिटल बोर्ड लागलेत, त्यांवर स्लाइड्सऐवजी हे उघडा. पुढच्या गणपतीत ‘विश्वाची सफर’ करणाऱ्या माझ्यासारख्या हौशी इंजिनिअरला विचारा: हे कुठे आहे, केवढं आहे, कुठल्या लहरीत आहे, कुणी मोजलं? तो गडबडला तर हसू नका, पण पुढची स्लाइडही लावू देऊ नका. आणि ग्रुपवर झगमगीत आकाश आलं की पाठवणाऱ्याकडे पत्ता मागा. मिळाला नाही तर तिथेच थांबवा.

त्या मुलीला उत्तर द्यायला मला सात महिने लागले. गणपतीच्या त्या संध्याकाळी एम ८७ सूर्यापाठोपाठच मावळत होती, गच्चीवर जाऊन उपयोग नव्हता. एप्रिलमध्ये मी तिला आणि तिच्या आईला रात्री नऊला वर बोलावलं. एमआयडीसीच्या उजेडाने आकाश दुधाळ झालं होतं. उत्तरा फाल्गुनी कशीबशी दिसत होती. तिला हात लांब करून मूठ धरायला सांगितलं. त्या ताऱ्यापासून पूर्वेला एक मूठ, म्हणजे साधारण दहा अंश. तिथे डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं.

ती बराच वेळ मूठ तशीच धरून उभी होती. मग फोन मागून घेतला, तोच भाग उघडला आणि म्हणाली, "दादा, याच्या बाजूला अजून पुष्कळ ठिपके आहेत. ते कुणाचे?"